भिंत वाकडी की फोटो?

इस्लापूरला सहस्रकुंडाचे फोटो काढायला म्हणून गेलो आणि एका घरकुलाच्या भिंतीपाशी अडकून पडलो.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या घराचं काम स्लॅबपर्यंत आलेलं. घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि टप्प्याटप्प्याला फोटो लागतो, ठिकाणाची नोंद असलेला. तो सरकारी फोटो यथावकाश निघणारच होता, पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला दम निघेना. समोरची गल्ली जेमतेम बारा फूट. घर फोनमध्ये मावेना, म्हणून त्यानं ०.५ चं बटण दाबलं, फोन जरासा वर उचलला आणि आख्खं घर एका फोटोत बसवलं. मग मोठ्या हौसेनं तो फोटो गवंडीमामांना दाखवायला गेला.

मामांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "कामून असं दिसायलं रे? भिंत माघारी पडायली की."

फोटोत खरंच पडत होती. दोन्ही कोपऱ्यांच्या कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या. कुणीतरी छातीवर हात ठेवून घराला मागं ढकलावं तसं घर. पोरगं म्हणालं, मामा, फोटोत असंच येतं. मामांना ते पटलं नाही. गवंड्याला तुझी भिंत वाकडी म्हणणं म्हणजे सोनाराला तुझं सोनं खोटं म्हणण्यासारखं आहे. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. खाली पितळी लट्टू, त्यात ओवलेली दोरी, आणि दोरीवर वर-खाली सरकणारी, लट्टूच्याच रुंदीची गिट्टी. गिट्टी भिंतीला वर टेकवायची आणि लट्टू खाली सोडायचा. लट्टू भिंतीला अलगद शिवला तर भिंत ओळंब्यात. भिंतीपासून दूर लोंबकळला तर भिंत वर पुढं आलेली, आणि भिंतीवर रेलून बसला तर भिंत मागं गेलेली. मामांनी दोन्ही कोपऱ्यांना ओळंबा लावून दाखवला. दोन्हीकडे लट्टू भिंतीला नुसता शिवत होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामा पोराला म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता.

इमारतींचे फोटो काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. देवळं, वाडे, शाळा, बिल्डरांचे टॉवर, सगळं झालं. उभ्या रेषा उभ्या कशा ठेवायच्या हे मी शिकवतोही. पण मामांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या शिकवण्यात कधी नव्हता: फोटोत भिंत वाकडी दिसते तेव्हा वाकडं काय आहे, हे फोटो बघणाऱ्याला कळायचं कसं?

०

दोष लेन्सचा नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण वाइड अँगलच्या माथी हा आळ फार वर्षांपासून आहे. एखाद्या खिडकीच्या काचेसमोर उभे राहा, एक डोळा मिटा, मान हलवू नका आणि समोरच्या इमारतीच्या कडा स्केचपेननं काचेवर गिरवा. काच उभी, इमारतही उभी. काचेवर आलेल्या कडा उभ्या आणि समांतर असतील, मग इमारत तीन मजली असो की तेरा. आता अशी कल्पना करा की काच बिजागरीवर आहे आणि तिची वरची बाजू तुम्ही आपल्या कपाळाकडे ओढून घेतलीत. आता गिरवलेल्या कडा वर एकमेकींकडे झुकतील. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे हीच काच. कॅमेरा वर उचलला की काच कलते, आणि कलली की घर माघारी पडतं.

उलट्या बाजूचा पुरावा सहस्रकुंडाला मिळतो. पैनगंगा इथं नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर काळ्या खडकावरून खाली कोसळते, आणि आलेला प्रत्येक जण काठावरून फोन खाली झुकवून फोटो काढतो. त्या फोटोंत पलीकडच्या तीरावरची झाडं बघा. पंखा उघडावा तशी वर बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात. पडणारं पाणी हा खरं तर निसर्गाचा ओळंबा. पण कडेला पडणारी धार असेल तर फोटोत तीसुद्धा तिरकी होते.

मग वाइड अँगलचा संबंध काय? एवढाच, की ती आपल्याला जवळ उभं राहू देते. वस्तूंचं एकमेकांशी लहान-मोठेपण ठरतं ते आपण कुठं उभे आहोत त्यावरून. लेन्स फक्त त्यातला किती तुकडा कापून घ्यायचा ते ठरवते. बारा फुटांवरून घर बघितलं की पायथा जवळ आणि माथा लांब, हे डोळ्यालाही आहेच. डोळ्यामागचा मेंदू मात्र घर उभं आहे हे धरून चालतो आणि झुकाव आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. कॅमेऱ्याला असा मेंदू नाही.

शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना या विषयाचं मराठी नाव आठवत असेल: यथार्थदर्शन. जसं आहे तसं दाखवणं. मला त्या शब्दाची नेहमी गंमत वाटते. घर माघारी पडलेला पोराचा फोटो भूमितीच्या हिशेबानं काटेकोर यथार्थ आहे, आणि मामांच्या हिशेबानं धडधडीत खोटा.

०

आपल्याकडे ही अडचण सगळ्यात जास्त कुठं येते? देवळापाशी. देवळाचा फोटो म्हटला की कळस पाहिजे. पायरी पाहिजे, नंदी पाहिजे आणि कळस पाहिजे. कळस कापलेला फोटो पत्रिकेवर छापत नाहीत, फ्लेक्सवर लावत नाहीत आणि देवघरात तर ठेवतच नाहीत. आणि देऊळ असतं गावाच्या गर्दीत. समोर पूजेची दुकानं, विजेच्या तारा, मंडप. मागं सरायला जागा नाही. फोटोग्राफर सगळ्यात रुंद लेन्स लावतो, गुडघ्यावर बसतो आणि कॅमेरा वर करतो. घरोघरच्या मंदिरांच्या फोटोंत शिखर मागं रेललेलं दिसतं त्याचं कारण एवढंच.

थोडा हिशेब करू, कारण हा हिशेब कुणी सांगत नाही. देऊळ १५ मीटर उंच धरा आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर. म्हणजे कॅमेऱ्याच्या वर साडेतेरा मीटर घ्यायचे आहेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा आडवा आणि अगदी लेव्हलमध्ये धरला तर कळस येण्यासाठी २७ मीटर मागं जावं लागतं. तोच कॅमेरा उभा धरला तर १८ मीटर पुरतात. एवढी जागा हेमाडपंती देवळासमोर शेताच्या बाजूनं मिळू शकते, गावाच्या बाजूनं नाही.

आणि इतकं करूनही अर्ध्या फोटोत काय येतं? फरशी, चपला आणि उन्हात झोपलेलं कुत्रं. लेव्हलमध्ये धरलेल्या कॅमेऱ्याला क्षितिज बरोबर मधोमध येतं, त्याच्या खालचं सगळं जमीन. हीच जमीन फोटोतून काढायच्या नादात माणसं कॅमेरा वर करतात. त्या पोरानंही तेच केलं होतं. नंतर मी मोजून बघितलं: त्याचं घर अकरा फूट उंच, आणि ०.५ च्या लेन्सला बारा फुटांवरून फोन सरळ धरूनही छत आरामात येत होतं. त्यानं फोन उचलला तो गल्लीतला चिखल दिसू नये म्हणून.

०

या जमिनीचा प्रश्न जुन्या फोटोग्राफरांनी फार सोप्या रीतीनं सोडवला होता. त्यांच्या लाकडी कॅमेऱ्यात पुढं लेन्सची फळी, मागं काच आणि मध्ये भात्यासारखी चामडी किंवा कापडी घडी असे. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवायचा आणि लेन्सची फळीच वर सरकवायची. काच उभीच राहते, म्हणून रेषा उभ्याच राहतात. फक्त जमीन खाली निघून जाते आणि वरून शिखर उतरतं. फळी जास्त वर सरकवली तर लेन्सचा प्रकाश काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. जुन्या छायाचित्रांत वरचे दोन कोपरे कधीकधी काळवंडलेले दिसतात त्याचं एक कारण हे असू शकतं.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्या दरबारचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेला हा माणूस रुडकीला इंजिनिअरिंग शिकला आणि इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे काढत होता. कॅमेरा हातात आला तो नंतर. वेरूळ, औरंगाबाद, हैदराबाद इथली त्यांची छायाचित्रं बघताना मला हे सतत जाणवतं की ही नजर आराखडे काढणाऱ्याची आहे. खांब खांबासारखे उभे. राजेरजवाड्यांच्या तसबिरींसाठी त्यांचं नाव घेतलं जातं, पण मला विचाराल तर त्यांच्या इमारती जास्त मोलाच्या आहेत.

दुसरी गोष्ट थोडी लांबची आहे, पण तिच्यावाचून पुढचं सांगता येणार नाही. १८५८ साली जर्मनीत वेट्झलार गावच्या कॅथेड्रलची मापं घ्यायला आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण बांधकाम अधिकारी वर चढला होता. मापं घेताना तो उंचावरून पडता पडता वाचला. खाली आल्यावर त्याच्या डोक्यात आलं की इमारतीला लोंबकळून मापं घेण्यापेक्षा इमारतीचा फोटो घेऊन फोटोवरून मापं का घेऊ नयेत? त्यासाठी अर्थातच काच उभी असावी लागते, लेन्सची मापं पक्की माहीत असावी लागतात. त्यानं त्यासाठी वेगळे कॅमेरे बनवले, या विद्येला नाव दिलं आणि १८८५ साली बर्लिनमध्ये तिची सरकारी संस्था उभी राहिली. इमारतींच्या फोटोंच्या हजारो काचा तिथं जमा झाल्या. पुढं दुसऱ्या महायुद्धात बॉम्बगोळ्यांनी पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना या काचा कामी आल्या.

लहान कॅमेरे आले तशी ही सरकती फळी गेली. ती परत आली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा निकॉननं ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी सरकणारी लेन्स काढली. १९७३ मध्ये कॅननचीही आली. यांना शिफ्ट लेन्स म्हणतात. वरचाच हिशेब पुन्हा करा. २४ मिलिमीटरची लेन्स १२ मिलिमीटर वर सरकवली, कॅमेरा आडवाच ठेवला, तर २७ मीटरऐवजी साडेतेरा मीटर पुरतात. कॅमेऱ्याच्या वर देऊळ जितकं उंच, तितकंच मागं. एवढ्यासाठी ती लेन्स घ्यावी का? लग्नं करणाऱ्या फोटोग्राफरनं घेऊ नये. किंमत लाखाच्या घरात, फोकस हातानं करायचा, आणि वर्षातून चार वेळा बाहेर निघणार.

गरिबाची शिफ्ट लेन्स मात्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनवरची ०.५ ची लेन्स म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबानं साधारण १३ मिलिमीटर. फोन उभा धरायचा, सेटिंगमधली ग्रिड आणि लेव्हलची रेघ चालू करायची, फोनची पाठ देवळाच्या भिंतीला समांतर ठेवायची. १५ मीटरचं देऊळ १० मीटर अंतरावरून कळसासकट येतं. खालचा अर्धा भाग जमीन असेल. ती नंतर कापून टाकायची. अर्धे पिक्सेल गेले, जाऊ द्या. देऊळ उभं राहिलं. आणि समोर एखाद्याची माडी असेल तर गोड बोलून तिच्यावर चढा. देवळाच्या निम्म्या उंचीवरून घेतलेला फोटो कुठल्याही लेन्सपेक्षा, कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगला येतो, वर चहा मिळतो तो वेगळाच.

०

पण हे सगळं करतो कोण? बहुतेक जण फोटो तसाच काढतात आणि घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करतात. २०१३ पासून लाइटरूममध्ये 'अपराइट' नावाचं बटण आहे. फोनवर स्नॅपसीडमध्ये तेच काम बोटानं होतं. एक बटण दाबलं की झुकलेल्या कडा ताडकन उभ्या. मीही वापरतो. तरी त्यात तीन खोडी आहेत, आणि तिसरी आपल्या मुलखात फार महत्त्वाची आहे.

पहिली म्हणजे वरचा भाग रुंद करायचा तर तो ताणावा लागतो. कॅमेऱ्यानं कळसाला जेवढे पिक्सेल दिले तेवढेच ताणून मोठे केलेले, त्यामुळे कळस मऊ दिसतो. शिवाय कडेचे तुकडे कापले जातात. म्हणून नंतर सरळ करायचंच असेल तर फोटो काढताना आजूबाजूला मोकळी जागा सोडावी. दुसरी खोड अशी की बटण कडा उभ्या करतं, उभं राहायची जागा बदलू शकत नाही. छज्जा खालून दिसतो, आणि इमारत मात्र समोरून बघावी तशी ताठ. डोळ्याला काहीतरी खटकतं. पुष्कळदा तर पूर्ण सरळ केलेली इमारत वर रुंद झाल्यासारखी वाटते, डोक्यावर हंडा घेतल्यासारखी. म्हणून जाणकार थोडा झुकाव मुद्दाम ठेवतात. मीसुद्धा उंच इमारतीला पूर्ण ताठ करत नाही.

तिसरी खोड मला एका गढीनं शिकवली. नांदेड-लातूर भागात गावोगाव देशमुख-पाटलांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या होत्या, अजून काही उभ्या आहेत. त्यांच्या भिंती पायथ्याला रुंद आणि वर निमुळत्या असतात. बांधणाऱ्यांनी तशा मुद्दाम बांधल्या. मातीची उंच भिंत सरळ उभी केली तर पावसात टिकणार नाही. कंधारच्या, औशाच्या, उदगीरच्या किल्ल्यांचे बुरूज बघा, तेही पायथ्याकडे पसरट. देवळासमोरची दीपमाळ तर निमुळती असायलाच हवी. आता अशा इमारतीचा फोटो ऑटो बटणावर टाका. सॉफ्टवेअरला काय माहीत गढी म्हणजे काय? त्याला शहरातली इमारत माहीत आहे. जवळपास उभी दिसणारी प्रत्येक रेघ त्याला चुकलेली उभी रेघ वाटते आणि ते तिला सरळ करतं. गढीचा उतार गायब, बुरूज पाण्याच्या टाकीसारखा, दीपमाळ विजेच्या खांबासारखी. मी एकदा अशी सरळ केलेली गढी एका पुस्तिकेला दिली होती. छापून आल्यावर गावच्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, ही कुठली गढी? त्यांच्याच गावची होती.

बनारसला मणिकर्णिका घाटावर रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, सुमारे नऊ अंशांनी कललेलं. त्याचा फोटो या बटणावर टाकून बघा. बटणाला देऊळ कललं की घाट कलला हे कळेलच याची खात्री नाही.

म्हणून सरळ करताना डोळ्यावर किंवा बटणावर विसंबू नये. फोटोत खात्रीनं उभं असलेलं काहीतरी हवं. दाराची चौकट चालते, पण जुन्या वाड्यांच्या चौकटी खचलेल्या असतात. विजेचा खांब? आपल्या गावातला विजेचा खांब उभा असतो असं मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

०

सरळ रेषांचं झालं, आता गोल गोष्टींचं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर चालुक्यांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्तींची रांग आहे. अशा देवळाच्या मंडपात, किंवा निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या मंडपात, वाइड लेन्स लावून फोटो काढा. कॅमेरा लेव्हलमध्ये, सगळं शास्त्रशुद्ध. तरी कडेचे खांब मधल्या खांबांपेक्षा जाड दिसतील. सपाट काचेवर तिरक्या दिशेनं येणारं चित्र ताणलं जातं, त्याला इलाज नाही. मधल्या अक्षापासून ४५ अंश बाहेर असलेली वस्तू बाहेरच्या दिशेनं दुप्पट ताणली जाते आणि त्या दिशेला काटकोनात साधारण १.४ पट. सपाट भिंतीला हे कळत नाही, कारण ती स्वतःही काचेला समांतर असते. गोल खांबाला आणि माणसाच्या चेहऱ्याला लगेच कळतं. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेला उभी राहिलेली मावशी कायम लठ्ठ का दिसते, ते कळलं असेल. सुरसुंदरीलाही कडेला उभी करू नका.

लातूरच्या गंजगोलाईवर हा खेळ आणखी रंगतो. १९१७ सालची ही गोलाकार बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं मंदिर आणि सोळा रस्ते फुटलेले. गोल इमारतीला समांतर उभी राहील अशी काचच नसते. तिथं मी रुंद लेन्स बाजूला ठेवतो, मधल्या लेन्सनं पाच-सहा उभे फोटो घेतो आणि जोडतो. जोडताना चित्र सपाट काचेवर न पसरता नळकांड्यावर पसरायला सांगितलं की उभ्या रेषा उभ्या राहतात आणि कडा फुगत नाहीत. आडव्या रेषा मात्र वाकतात. गंजगोलाईच्या आडव्या रेषा मुळात वाकलेल्याच आहेत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

लेन्सचा खरा स्वतःचा दोष असतो तो वेगळा: सरळ भिंत पिंपासारखी फुगीर दिसते. स्वस्त वाइड लेन्समध्ये हा भरपूर असतो आणि फोन तो आतल्या आत दुरुस्त करून टाकतात. गवंडी लोक खऱ्या भिंतीबद्दलही अगदी असंच बोलतात: भिंतीनं पोट काढलं. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत पाणी मुरलं की ती मधोमध फुगते आणि काही दिवसांनी बसते. फोटोतलं पोट निरुपद्रवी असतं. भिंतीतलं पोट माणसं मारतं.

०

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा अशाच भिंती कोसळल्या. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवदाचं ओझं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं दुसरीकडे नव्यानं वसवावी लागली. त्या दिवसांतले ढिगाऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. मला शोध असतो तो भूकंपाच्या आधीच्या फोटोंचा. ते बहुतेक लग्नाच्या अल्बमांत आहेत: नवरा-नवरी पुढं, आणि मागं माळवदाचं घर, अर्धवट, तिरकं. कुणी मायडेनबाउअरसारखं समोरून, लेव्हलमध्ये, शेजारी पाच फुटांची काठी उभी करून या घरांचे फोटो काढून ठेवले असते, तर भिंत किती उंच होती, दार किती रुंद होतं, खण किती होते, हे आज फूटपट्टीनं मोजता आलं असतं. भिंत काचेला समांतर असली की फोटोतल्या भिंतीचा प्रत्येक इंच सारखाच असतो. एका काठीवरून सगळी भिंत मोजता येते. घरं वाचली नसतीच. पण कशी होती ते सांगता आलं असतं.

आणि हे काही फक्त इतिहासाचं काम नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं, त्यानंतर भिंतींचे फोटो निघाले. पावसाळ्यात आपल्याकडे कुठं ना कुठं पंचनामा चालू असतोच, आणि आता प्रत्येक पंचनाम्यात फोन असतो. अरुंद गल्लीतून, ०.५ वर, फोन वर करून काढलेल्या फोटोत शाबूत भिंत कललेली दिसते. फोन खाली झुकवून, बाजूनं काढलेल्या फोटोत कललेली भिंत सरळ दिसू शकते. आणि कुणी कौतुकानं ऑटो बटण दाबून फोटो सरळ केला, तर पडायला आलेली भिंत कागदोपत्री उभी राहते. नुकसान झालेल्या माणसानं फोटो सरळ करू नये, हे मला इथं मोठ्यानं सांगायचं आहे. फोन सरळ धरावा. फोटो सरळ करू नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे मला मामांच्या ओळंब्यापाशी नीट कळलं. आम्ही फोटोग्राफर वर्षानुवर्षं रेषा सुंदर दिसाव्यात म्हणून सरळ करत आलो. भिंतीच्या बाजूनं कुणी विचारच केला नव्हता.

०

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो फोटो परत काढला. पोराच्याच फोनवर. मामांनी उजव्या कोपऱ्यावर वरून ओळंबा सोडला, गिट्टी खिळ्याला अडकवून. वाऱ्यानं लट्टू हलायला लागला तेव्हा त्यांनी तो पाण्याच्या बादलीत बुडवला. हलता ओळंबा पाण्यात शांत होतो, हे मला नवीन होतं. दोरी फोटोत दिसेना म्हणून पोरानं बहिणीची लाल लोकर आणून बांधली. मग फोन उभा, ग्रिडची रेघ कोपऱ्याला, पाठ भिंतीला समांतर. गल्लीतला चिखल आला तो आला.

फोटोत लोकरीची दोरी आणि भिंतीची कड वरपासून खालपर्यंत बरोबर चालत होत्या. मामांनी फोटो मोठा केला, दोरीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "आता हाय."

वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीला गावी गेलात की घराच्या, वाड्याच्या, गढीच्या पुढच्या भिंतीला एक दोरी आणि तिला एक दगड बांधून लटकवा, शेजारी मोजलेली काठी उभी करा, फोन सरळ धरा आणि एक फोटो काढा. फोटो कापू नका, सरळ करू नका, जमीन येऊ द्या. पुढच्या दिवाळीला त्याच जागेवरून पुन्हा काढा. दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर बदललेलं दिसलं तर फोटोग्राफरला दाखवू नका, गवंड्याला बोलवा.